पाठमोरे पर्यटक

पावसाळ्यातल्या रविवारी तासन्‌तास गाडीत अडकून लोक लोणावळ्याला काय बघायला जातात? भुशी धरणाच्या पायऱ्या. रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी हवं होतं म्हणून बांधलेलं ते धरण. त्याच्या सांडव्यावरून वाहणारं घोटाभर पाणी आणि त्यात मांडीला मांडी लावून बसलेली हजारो माणसं.

महाराष्ट्रात नाहक डोक्यावर घेतलेली जागा कोणती, असं विचारलंत तर मी हेच नाव घेईन. दुसरं सुचतसुद्धा नाही.

30 जून 2024 ला त्याच धरणामागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. पुढच्या वर्षी 15 जूनला कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीसकट कोसळला. चार जण गेले. पूल धोकादायक असल्याचं आधीच जाहीर झालेलं होतं. मग बंदी येते. बंदी आली की गर्दी घरी बसते का?

पुढचा धबधबा गाठते.

याच लोणावळ्याहून थोडं पुढे कार्ल्याचा डोंगर आहे. वर देशातलं सगळ्यात मोठं कोरीव चैत्यगृह आहे. आतल्या दगडी छताला सागवानी तुळया आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीच्या. लाकूड! इतके पावसाळे खाऊन टिकलेलं. घरातलं दार दोन पावसाळ्यांत फुगतं म्हणून सुताराला बोलावणाऱ्या आपण ते बघून थबकायला नको?

तिथल्या एका दात्यानं शिलालेखच कोरून ठेवला आहे. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल म्हणतो, हे शैलगृह जंबुद्वीपात सर्वोत्तम आहे. आजकाल कुठल्याही हॉटेलला पाच तारे मिळतात. भूतपालाचा शेरा मात्र आजही खोडता येत नाही.

चैत्याच्या दारातच एकवीरा देवीचं मंदिर आहे. कोळी-आगरी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या तिथे नवस फेडायला येतात. त्यांच्याशी माझं भांडण नाही. ते पर्यटक नव्हेतच, ते आईकडे आलेले असतात. भांडण आहे ते ‘फिरायला’ म्हणून येऊन, पायऱ्या चढून, धापा टाकत दर्शन उरकून, चैत्याच्या कमानीकडे पाठ करून फोटो काढून खाली उतरणाऱ्यांशी. आत जायला थोडक्या रुपयांचं तिकीट आहे. तेवढ्यासाठी लोक बाहेर थांबतात आणि खाली येऊन मक्याच्या कणसाला त्याहून जास्त मोजतात.

समोरच्या डोंगरात भाजे. खाली धबधब्यात हीऽ झुंबड, वर बावीस लेणी. इसवीसनापूर्वीची. भिजलेल्या माणसाला आणखी काही पायऱ्या चढणं जमत नाही, कारण वर पाणी नाही.

गाजलेल्या जागा वाईट असतात, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. बऱ्याचशा चांगल्याच असतात. माझं म्हणणं वेगळं आहे. दुर्लक्षित जागा कुठे तरी दूर रानावनात लपलेल्या नसतात, बहुतेक वेळा त्या गाजलेल्या जागेच्या शेजारीच असतात. आपण त्यांच्याकडे पाठ करून उभे असतो. फोनवर जे आधीच पाहिलंय ते जागेवर आहे ना, एवढीच खातरजमा करायला आपण घराबाहेर पडतो.

हा रोग फक्त आपलाच आहे, असंही नाही. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात मोनालिसासमोर रोज रेटारेटी असते. ते चित्र 77 सेंटिमीटर उंच, 53 रुंद. बरोब्बर समोरच्या भिंतीवर व्हेरोनेसेचं ‘काना येथील लग्न’ आहे, जवळजवळ दहा मीटर रुंद. त्या संग्रहालयातलं सगळ्यात मोठं चित्र. अख्खी गर्दी त्याला पाठ दाखवून हात वर करून उभी.

युरोप सहलीचे लाखो रुपये भरून आपली माणसंही तिथे तशीच उभी राहतात. मानसुद्धा वळवत नाहीत.

पण पॅरिस कशाला? नाणेघाटात चला.

गेल्या काही वर्षांत नाणेघाट एकदम प्रकाशात आला तो ‘उलट्या धबधब्या’मुळे. कोकणातून चढणारा वारा कड्यावरून पडणारं पाणी पुन्हा वर उडवतो. सुंदर दिसतं, वादच नाही. शनिवार-रविवारी जुन्नरच्या बाजूनं गाड्यांची रांग लागते. पाऊस वाढला की माणसं आडोशाला शेजारच्या गुहेत शिरतात, केस पुसतात, वेफर्सची पुडी फोडतात.

त्या गुहेच्या भिंतींवर सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे.

ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा. कोणत्या यज्ञात किती गाई, किती घोडे, किती हत्ती, किती कार्षापण दिले, याची यादी. भारतात अंकचिन्हं वापरून लिहिलेल्या आकड्यांचे जे अगदी जुने नमुने सापडले, त्यांत हा लेख आहे. राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्तीही होत्या तिथे. मूर्ती गेल्या, त्यांच्यावर कोरलेली नावं उरली. घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आहे. दोन हजार वर्षांपूर्वी कोकणातल्या बंदरांतला माल याच वाटेनं वर येत होता. महाराष्ट्राचा लिखित इतिहास जिथून सुरू होतो त्या मोजक्या जागांपैकी ही एक. आणि आपण तिथे टॉवेल झटकतो?

मला याचा राग येतो. येणारच.

जुन्नरला आलात तर लेण्याद्री होतेच. अष्टविनायकांतला गिरिजात्मज. तीनशेच्या आसपास पायऱ्या. देव ज्या दालनात आहे ते मुळात बौद्ध विहार आहे, सातव्या क्रमांकाचं लेणं. बाजूचं सहावं लेणं म्हणजे चैत्यगृह, देखण्या खांबांचं. यात्रा कंपनीची बस खाली उभी असते, पुढचा गणपती ओझरचा. सहाव्या लेण्यात डोकावायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं कुठल्याच कार्यक्रमपत्रिकेत नसतात.

जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून जास्त लेणी आहेत. जुन्नर म्हणजे शिवनेरी, एवढंच आपल्याला ठाऊक. शिवनेरीच्याच पोटात किती लेणी आहेत, हे तरी?

वेरूळची तऱ्हा आणखी वेगळी. एकूण 34 लेणी, माणसं बघतात एक. सोळावं. कैलास कितीही वाखाणला तरी कमीच, हे मान्य. पण ‘एका दिवसात सगळं’ या सहलीत सकाळी कैलास, मग घृष्णेश्वर, दौलताबाद, बीबी का मकबरा आणि दिवेलागणीला पैठणीचं दुकान. तीस ते चौतीस ही जैन लेणी टोकाला आहेत. तिथवर पोचायला वेळ नसतो. दुकानात मात्र दोन तास मिळतात.

त्याच जिल्ह्यात कन्नडच्या बाजूला पितळखोरं आहे. दरीत उतरून गाठायची लेणी. तिथे सापडलेल्या यक्षमूर्तीच्या हातावर कारागिराचं नाव आहे : कान्हदास, धंद्यानं सोनार. प्राचीन भारतातल्या शिल्पांखाली शिल्पकाराचं नाव शोधून पाहा, हाताला फारसं काही लागत नाही. इथे एका सोनारानं दगडात हात घातला आणि सही करून गेला. मूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. आपल्या किती पाठ्यपुस्तकांत कान्हदास आहे?

महाबळेश्वरबद्दल फार बोलण्यासारखं नाही. दऱ्या चांगल्या आहेत, रस्ते तुंबलेले आहेत. सरकारचा त्यावरचा उपाय काय? कोयनेच्या खोऱ्याकडे ‘नवीन महाबळेश्वर’, सुरुवातीलाच 235 गावांचा आराखडा. एका डोंगराची कोंडी झाली म्हणून दुसरा डोंगर खुला करायचा, हे नियोजन नाही, हा कोंडीचा विस्तार आहे.

कासच्या पठारावरून लोक खट्टू होऊन परततात. ‘एवढंच?’ म्हणतात. दोष पठाराचा नाही, छायाचित्रांचा आहे. त्यांत रंगांचा गालिचा दिसतो, प्रत्यक्षात सीतेची आसवं ही फुलं बोटाच्या पेराएवढीसुद्धा नसतात. कातळावर इंचभर माती, त्यात रुजणारी किडेखाऊ वनस्पती. मातीत पोषण नाही म्हणून ती कीटक पकडून जगते. हे बघायला गुडघे टेकावे लागतात. उभ्यानं फोटो काढणाऱ्याला कास दिसतच नाही.

असेच कातळाचे सडे रत्नागिरी-राजापूरकडे आहेत आणि त्यांवर कातळशिल्पं कोरलेली आहेत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी सडे पालथे घालून ती शोधली, गावोगाव नोंदली. कशेळीचा हत्ती इतका प्रचंड की जवळ उभं राहून एका नजरेत मावत नाही. त्याच्या पोटात आणखी प्राणी. बारसूला दोन वाघांच्या मध्ये उभा माणूस. कुठे गेंडासुद्धा आहे. आज कोकणात गेंडा औषधालाही सापडत नाही, मग कोरणाऱ्यानं तो कुठे पाहिला? या एका प्रश्नासाठी मी गणपतीपुळ्याची भेळ सोडून सड्यावर उन्हात उभा राहीन.

बारसूचं नाव 2023 मध्ये घराघरांत पोचलं. रिफायनरीविरोधी आंदोलनामुळे. शिल्पं तेव्हाही तिथेच होती.

2022 मध्ये ही कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. त्या नऊ ठिकाणांतलं एक गोव्यात आहे, कुशावती नदीच्या काठी पणसायमळला. बागा-कळंगुटच्या वाळूत पाय ठेवायला जागा नसते. पणसायमळला किती जण जातात? जाऊ दे, तांबडी सुर्लाचं कदंबकालीन महादेव मंदिर तरी?

लोणारचं तर नवल वाटतं. बेसॉल्टच्या कातळावर उल्का आदळून झालेलं जवळपास पावणेदोन किलोमीटर व्यासाचं विवर, तळाशी खारं सरोवर, काठावर जुनी देवळं. जून 2020 मध्ये खारट पाण्यातल्या सूक्ष्मजीवांमुळे पाणी गुलाबी झालं आणि देशभर बातमी झाली. त्याच नोव्हेंबरात रामसर यादीत नाव आलं. पाणी पुन्हा हिरवं झालं, बातमीही संपली. पुण्या-मुंबईच्या माणसाला लोणार लांब वाटतं. कुठे आहे म्हणे? बुलढाण्यात. त्याच माणसाला मनाली लांब वाटत नाही.

आता हमखास येणारा आक्षेप. ‘तुम्ही नावं छापलीत की तिथेही गर्दी होईल, मग त्यांचीही भुशी होईल.’

भीती खरी आहे. हरिहर गडाच्या खडकात कोरलेल्या उभ्या पायऱ्या एका चित्रफितीमुळे गाजल्या आणि आता तिथे वर जाणारे आणि खाली येणारे एकमेकांना अडवून लटकलेले असतात. पण दुर्लक्षानं जागा सुखरूप राहतात, हा समज सोडा. अंबरनाथचं शिवमंदिर 1060 सालचं. मुंबईच्या लोकलनं जाता येतं. त्याच्या कडेनं वाहणारी वालधुनी नदी आपण नाला करून टाकली. शिवरात्रीखेरीज तिकडे फिरकतं कोण, ओरडणार कोण? सड्यांवर चिरेखाणी चालतात. ज्या कातळशिल्पाची गावाबाहेर कुणाला खबर नाही ते एका दुपारीत चिरे होऊन ट्रकमध्ये चढू शकतं. त्यासाठी दंगा करायला ते आधी कुणी तरी पाहिलेलं असावं लागतं.

गर्दी आणि वर्दळ यांत फरक करायला शिकायला हवं. वर्दळ हवी आहे. गर्दी पुरे झाली.

आणि सरकारनं काय करावं? लेण्यांबाहेरचा तो निळा फलक बदलावा. या वास्तूचं नुकसान केल्यास किती कैद आणि किती दंड, हे तो ठणकावून सांगतो. वास्तू कुणाची, कधीची, आत काय बघायचं, यावर अनेक ठिकाणी चकार शब्द नाही. आलेल्या माणसाला आधी गुन्हेगार समजायचं आणि मग त्यानं वारशावर प्रेम करावं अशी अपेक्षा धरायची, हे कसं जमणार? मराठीत दहा सरळ ओळी लिहा. पायथ्याला एक स्वच्छ स्वच्छतागृह बांधा, बायका निर्धास्त येतील. गावातल्या दोन मुलांना नीट शिकवून वाटाडे म्हणून पगारावर ठेवा.

जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. अकरा महाराष्ट्रात, एक जिंजी तमिळनाडूत. फटाके वाजले, फलक लागले. त्या यादीत सुवर्णदुर्ग आहे. हर्णैला मासळीचा लिलाव बघायला लोक पहाटे उठतात, किनाऱ्यावरून समोर दिसणाऱ्या किल्ल्याकडे बोट दाखवतात आणि सुरमई घेऊन परततात. होडीत बसत नाहीत.

त्याच यादीत साल्हेर आहे. कळसूबाई राज्यातलं सर्वांत उंच शिखर म्हणून तिथे शिडीला रांगा. साल्हेर उंचीत दुसरा, 1567 मीटर, किल्ल्यांत पहिला. 1672 मध्ये मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानात लढून हरवलं ते याच्याच पायथ्याशी. नाशिकहून सटाणा, ताहाराबाद, मग साल्हेरवाडी किंवा वाघांबे. वाट दमवणारी आहे, वर कोरीव गुहा आहेत, पाण्याची टाकी आहेत आणि माथ्यावर परशुरामाचं छोटं मंदिर. हिवाळ्यात जा, पहाटे चढायला लागा, समोरचा सालोटाही त्याच खेपेत करून घ्या.