फुलाखालची नोट

भाचा हवाईहून आला. मुलांना चॉकलेटं, मला नोट. जाड प्लास्टिकचं पाकीट, निळं फोल्डर आणि सोबत अस्सलपणाचं प्रमाणपत्र.

नोट अस्सलच आहे. अमेरिकेची दोन डॉलरची, जेफरसनच्या चेहऱ्याची, दुकानात चालणारी. तिच्यावर नंतर रंग चढवलाय : जास्वंद, ज्वालामुखी, लाटेवर उभा तरुण. खाली राज्याचा ‘इतिहास आणि वारसा’.

किंमत? दोन डॉलरच्या कित्येक पट.

मग वरचे पैसे कशाचे? फुलाचे. आणि प्रमाणपत्र कुणाचं? ज्याने विकली त्याचंच.

दोन डॉलरची नोट कपाटात ठेवायची सवय अमेरिकेला जुनी आहे. 13 एप्रिल 1976 ला, स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीनिमित्त, ही नोट नव्या रूपात आली. लोकांनी पोस्टात नेऊन तिच्यावर तिकीट चिकटवलं, त्या दिवसाचा शिक्का मारून घेतला आणि घरी नेऊन जपली. बाजारात ती रुळलीच नाही.

सरकारनेही राज्यांची नाणी काढली. 1999 ते 2008, वर्षाला पाच राज्यं, पाव डॉलरच्या नाण्यावर. हवाई सगळ्यात शेवटी, राजा कामेहामेहासह. त्या नाण्यांशी माझं भांडण नाही. पंचवीस सेंटचं नाणं पंचवीस सेंटलाच मिळायचं. दुकानदाराने सुटे दिले की एक राज्य खिशात.

भांडण ‘इतिहास’ या शब्दाशी आहे.

कारण हवाईचा इतिहास सांगणारी नोट खरोखर आहे. तिच्यावर फूल नाही.

डिसेंबर 1941 मध्ये हवाईतल्या पर्ल हार्बरवर बॉम्ब पडले. जपानी फौज बेटांवर उतरली तर तिथले डॉलर तिच्या हाती लागतील, आणि डॉलर काय, जगात कुठेही चालतो. म्हणून जानेवारी 1942 मध्ये लष्करी गव्हर्नरचा हुकूम निघाला : रोकड जमा करा. माणशी दोनशे डॉलर ठेवता येतील, धंद्याला पाचशे.

जमा झालेल्या वीस कोटी डॉलरचं काय केलं? जाळले. आधी स्मशानातल्या दाहभट्टीत. ती पुरेना, तेव्हा ऐआच्या साखर कारखान्याच्या भट्टीत.

त्यांच्या जागी जूनपासून ज्या नोटा आल्या, त्यांतली एक डॉलरची मी नाण्यांच्या एका प्रदर्शनात हातात घेऊन पाहिली आहे. पुढच्या बाजूला दोन्ही कडांशी ‘हवाई’ अशी बारीक, उभी, काळी अक्षरं. पाठीवर तोच शब्द या टोकापासून त्या टोकापर्यंत, मोठ्या पोकळ अक्षरांत. एरवी निळा असणारा शिक्का तपकिरी. बेटं पडलीच, तर हा शब्द असलेली प्रत्येक नोट एका आदेशाने रद्द करायची, एवढ्यासाठी ही छपाई. मधोमध घडी पडलेली, एक कोपरा मळलेला. कुणीतरी त्या नोटेने तांदूळ घेतला असेल, कुणी बसचं भाडं दिलं असेल, उद्या ती चालेल की नाही हे ठाऊक नसताना.

ही नोट पाहताना माझा घसा दाटला होता. जास्वंदाच्या नोटेने तसं काही झालं नाही.

आणि ‘वारसा’? हवाई हे स्वतंत्र राज्य होतं. त्याचं स्वतःचं नाणं होतं. राजा कलाकाऊआच्या चेहऱ्याची चांदीची नाणी, 1883 सालची, सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीत पाडलेली. दहा वर्षांनी त्याच्या बहिणीला, राणी लिलिउओकलानीला, गोऱ्या बागायतदार-व्यापाऱ्यांनी सिंहासनावरून खाली खेचलं. अमेरिकेचे नौसैनिक तेव्हा होनोलुलूच्या रस्त्यावर उभे होते. 1898 मध्ये बेटं अमेरिकेने घेतली. नंतर कलाकाऊआची बहुतेक नाणी गोळा करून वितळवली.

1993 मध्ये अमेरिकी संसदेने ठराव करून त्या सत्तापालटाची माफी मागितली.

माफीपर्यंत गोष्ट गेली, तरी नोटेवर राणीला बोटभर जागा नाही! लाटेवरच्या तरुणाला आहे. ज्या लोकांनी त्या लाटांवर फळी घालायची विद्या जगाला दिली, त्यांचं राज्य कुठे गेलं, हे तो तरुण सांगत नाही.

हवाईला सुंदर म्हणा, हजारदा म्हणा. पण इतिहास विकायला काढलात, तर इतिहास द्या.

भाच्याचा दोष नाही. त्याने मायेने आणली आणि मी ती टेबलावर ठेवली आहे. त्याला म्हटलं, पुढच्या खेपेला जुन्या नोटांच्या दुकानात जा. तपकिरी शिक्क्याची, घडी पडलेली, मळकी मिळाली तरी चालेल. त्या लाखोंनी छापल्या होत्या, अजून मिळतात.

त्याने राणीचं नाव दोनदा विचारलं आणि मोबाइलवर लिहून घेतलं.