वहीतलं बीपी

आमच्या मजल्यावरचे नाना बीपी मोजत नाहीत, असं कोणाची म्हणायची टाप नाही. रोज मोजतात. एकदा बसले की पाच-सहा वेळा मोजतात. मनाजोगता आकडा येईपर्यंत.

नाना बँकेत हेड कॅशियर होते. आठ आण्यांच्या फरकासाठी एकदा सगळ्या स्टाफला रात्री साडेनऊपर्यंत बसवून ठेवलं होतं, हे ते अजूनही अभिमानानं सांगतात. निवृत्तीनंतर जुळवायला काही उरलं नाही, म्हणून माणूस जरा सुकत चालला होता. मग मुलानं बीपीचं मशीन आणून दिलं आणि नानांना पुन्हा रोजकीर्द मिळाली. लाल कापडी बांधणीची वही, पट्टी लावून आखलेले रकाने: तारीख, वेळ, वरचं, खालचं, नाडी, शेरा.

ही वही म्हणजे मोत्याचा दाणा. १३२/८२, १३४/८४, १३०/८०. खाडाखोड म्हणून नाही. सत्तरीच्या उंबरठ्यावरचं, पापडाशिवाय न जेवणारं रक्त इतकं शिस्तीत कसं वाहतं, याचं मला कौतुकच होतं. एका रविवारी सकाळी पेपर परत द्यायला गेलो आणि वही कशी लिहिली जाते ते पाहायला मिळालं.

नाना नुकतेच टेकडी उतरून आले होते. एका हातात चहा, पायावर पाय, आणि स्वेटरच्या बाहीवरूनच आवळलेला पट्टा. मशीन घरघरायला लागलं, पट्टा फुगला, आणि नेमकं तेव्हाच नानांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, "पेपरवाल्याला पैसे दिलेस का गं?"

१५८/९६.

"हे नाही धरायचं," नाना म्हणाले. "मशीन थंड आहे अजून."

दुसऱ्यांदा १५४/९४. दोष टीव्हीवरच्या बातम्यांचा. टीव्ही बंद झाला. तिसऱ्यांदा १४९/९२. "तू समोर बसलायस ना!" मी खुर्चीसकट दाराशी गेलो. चौथ्या खेपेला सेल बदलले. पाचव्या वेळी बाहीचा संशय आला, स्वेटर उतरला; मध्येच एकदा बाथरूमलाही जाऊन आले. सहाव्या वेळी नाना वैतागून गप्प झाले होते. पाठ खुर्चीला टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, हात टेबलावर, चहा पिऊन अर्धा तास उलटलेला.

१३८/८६.

"बघ! एकशेचाळीसच्या आत." पेन उघडलं, नोंद झाली. शेरा: 'समाधानकारक'.

गंमत अशी की बीपी मोजायची खरी रीत हीच. आधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही, पोट हलकं, पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसणं, उघड्या दंडाला पट्टा, दंड छातीच्या उंचीवर. मग मिनिटभराच्या अंतरानं दोनदा मोजायचं आणि सरासरी लिहायची. हे सगळं नाना पाळतात, पण शेवटी, चाळीस मिनिटं मशीनशी घासाघीस करून झाल्यावर. शिवाय एकशेचाळीसची वेस दवाखान्यातली. घरी मोजताना ती १३५/८५ला येते. हे मी बोललो नाही. पेपर द्यायला गेलेल्या माणसानं किती बोलावं?

नाना खोटं लिहीत नाहीत, हे मात्र सांगायलाच हवं. फक्त निवडून लिहितात. भीती आकड्याची नाही, गोळीची आहे. "एकदा सुरू झाली की मरेपर्यंत हप्ता," ते म्हणतात. "आणि मला होतंय काय? डोकं दुखत नाही, चक्कर नाही, टेकडी चढतो." वाढलेलं बीपी बहुधा काही जाणवू देत नाही, हीच त्याची खोड, पण नानांच्या हिशोबात तक्रार नाही म्हणजे खातं चोख.

मशीनवर तर त्यांचा मुळातच विश्वास नाही. "खरं बीपी पाऱ्याचं!" पारा आणि पट्टा यांची जोडी इटलीतल्या रिव्हा-रोची या डॉक्टरनं १८९६ साली जमवली, आणि त्या पट्ट्यात चक्क सायकलची ट्यूब होती, हे मी त्यांना सांगितलं. स्टेथोस्कोप लावून ऐकायची युक्ती त्यानंतरची, १९०५ची, कोरोत्कोव्ह नावाच्या रशियन सर्जनची. हे घरातलं मशीन ऐकत नाही. पट्ट्यातल्या हवेला नाडीचे जे धक्के बसतात, त्यांवरून ते हिशोब मांडतं.

"म्हणजे अंदाजपंचे!" नाना म्हणाले. हवं तेवढंच ऐकण्यात ते मशीनपेक्षा तरबेज आहेत.

गेल्या महिन्यात डॉक्टरांकडे गेले तेव्हा सोबतीला मी होतो. तिथं १६४/९८ भरलं. नाना तयारीतच होते. "पांढऱ्या कोटाची भीती, डॉक्टर. असते काही जणांना. घरचं बघा." आणि वही पुढे सरकवली. असते खरी तशी भीती, त्यामुळे डॉक्टरही पानं चाळत मान डोलावायला लागले. पण काकूंनी निघताना पिशवीत मशीनही टाकलं होतं. डॉक्टरांनी ते उचललं, बाजूचं एक बटण दाबलं आणि दाबतच राहिले. पडद्यावर एकामागून एक आकडे, तारीखवार, वेळेसकट.

"नाना, सात तारखेला चाळीस मिनिटांत नऊ वेळा?"

नाना पंख्याकडे बघत होते.

"तुमचं पासबुक लेजरशी जुळत नाहीये," डॉक्टर म्हणाले आणि लेटरहेड पुढे ओढलं.

परतताना रिक्षात नाना अवाक्षर बोलले नाहीत. घरी आल्यावर गोळ्यांची पट्टी फ्रिजवर ठेवली, बूट काढले आणि मला हळूच गॅलरीत नेलं. "तुला मोबाइलमधलं कळतं. ही मेमरी पुसायची कशी रे?"

"पुसा खुशाल," आतून काकूंचा आवाज आला. "पहिला आकडा मी रोज कॅलेंडरवर लिहून ठेवते. दुधाच्या खाली."