आमच्या पूर्वजाला पानिपतावर धाडणाऱ्या संपादकांस

मा. संपादक, कुलवृत्तान्त समिती, यांस


आपण सिद्ध केलेला आमच्या घराण्याचा कुलवृत्तान्त पोचला. पुठ्ठा जाड, अक्षरं सोनेरी, आत देणगीचं पावतीपुस्तक. पहिल्याच पानावर फेटा बांधलेला आपला फोटो आहे. मूळ पुरुषाचा फोटो मिळणं अवघडच होतं, तेव्हा ती जागा आपण रिकामी ठेवली नाहीत हे बरं केलंत.

प्रस्तावनेत आपण इतिहासाचार्य राजवाड्यांच्या पावलावर पाऊल ठेवल्याचं म्हटलं आहे. राजवाड्यांना वाईत जुनी पत्रं सापडली आणि त्यांतून १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. तेही लोकांच्या माळ्यांवर चढत, आपणही चढलात. पण त्यांनी पत्रं छापली, लोकांना वाचू दिली, चुका काढू दिल्या. आपण पत्रं ठेवून घेतलीत आणि निष्कर्ष तेवढा छापलात. वाचकाचे कष्ट वाचले.

आठवण करून देतो. आमच्या माळ्यावर लाल रुमालात बांधलेलं दप्तर होतं. “चार दिवसांत झेरॉक्स काढून आणून देतो, काकू,” असं म्हणून आपण ते आजीकडून नेलंत. आजीनं वर चहा-पोहेही केले. आजी गेली. झेरॉक्सचं यंत्र बहुधा अजून तापतंय.

त्या रुमालात मोडीतली पत्रं होती, कर्जरोखे होते, वतनाच्या भांडणातला एक महजर होता. कसरीनं निम्मा खाल्लेला, पण उरलेला निम्मा आपल्यापेक्षा खरं बोलणारा. त्यातल्या एका पत्रावर आपण सबंध प्रकरण उभं केलंत: ‘पानिपतचा रणवीर’. आमचा पूर्वज भाऊसाहेबांच्या डाव्या हाताला लढताना पडला म्हणे. महाराष्ट्रात ज्या ज्या घराण्याचा वृत्तान्त निघतो, त्याचा एक तरी पुरुष पानिपतावर असतोच. हे सगळे त्या दिवशी खरोखर हजर असते तर अब्दाली दुपारच्या आतच कंदाहारच्या वाटेला लागला असता.

आता पुरावा बघू. मूळ पत्र आपल्याकडे, पण आजोबांनी त्याची बाळबोधीत केलेली नक्कल शाळेच्या वहीत आमच्याकडे राहिली, हे आपल्या ध्यानात आलं नसावं. पत्रावर सन नाही. घरगुती पत्रांत तो बहुधा नसतोच. ‘छ’ असं लिहून मुसलमानी महिन्याची तारीख असते, तशी इथे जमादिलाखरची आहे. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची, पौष शुद्ध अष्टमी, महिना जमादिलाखर. महिना जुळला आणि आपली लेखणी घोड्यावर बसली.

पण पत्र पुढेही वाचायचं असतं. त्यात लिहिलंय की आषाढीची यात्रा तोंडावर आली, नदीला पाणी फार, उतार मिळत नाही, आणि गेल्या सालच्या पगाराची बाकी अजून हाती पडलेली नाही. पौषात आषाढी? हिजरी वर्ष सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून त्याचे महिने आपल्या महिन्यांतून मागे मागे सरकतात आणि साधारण तेहतीस वर्षांनी पुन्हा तिथेच येतात. १७६१ मध्ये पौषात असलेला जमादिलाखर आषाढात यायला पुढे १७७७ च्या आसपास जावं लागतं, किंवा मागे १७४४ च्या. म्हणजे आमचा पूर्वज एक तर सवाई माधवरावांच्या बालपणीचा, नाही तर शाहू महाराजांच्या अखेरच्या काळातला. दोन्ही वेळी तो पगाराची वाट बघणारा कारकून. आम्हाला तो असाच आवडतो. खरं सांगायचं तर फार ओळखीचा वाटतो.

या दोहोंतलं खरं साल कोणतं, हे मात्र नकलेवरून ठरत नाही. त्यासाठी कागद, अक्षराचं वळण, पाठीमागचा शेरा बघावा लागतो. म्हणजे मूळ पत्र लागतं. तेच आपल्या कपाटात.

आणखी एक. रुमालात एक पोथी होती. तिच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर घरातल्या जन्मांच्या नोंदी होत्या: तिथी, नक्षत्र, नाव. मुलींचीसुद्धा, नावानिशी. दोन-अडीचशे वर्षांपूर्वीच्या कुण्या शेंडीवाल्या माणसानं मुलीचं नाव लिहून ठेवलं. आपण ऑफसेटच्या जमान्यात, ती पोथी हाताशी असताना, छापलंत ‘कन्या ३’. पुढच्या पिढीत ‘कन्या २’. वंशावळ आहे की किराणा दुकानाची यादी? त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांतसुद्धा यात्रेला आलेल्या बायकांची नावं सापडतात.

२०२३ पासून कुणबी नोंदींसाठी गावोगावचे लोक कोतवाल बुकं चाळताहेत, मोडी वाचणाऱ्याच्या दारी ताटकळताहेत. जुन्या कागदावरची एक ओळ काय मोलाची असते ते आता सगळ्यांना कळलंय. आपल्याला ते आधीच कळलं होतं, म्हणूनच बहुधा रुमाल परत आला नाही.

दुसऱ्या आवृत्तीसाठी देणगी मागणारं आपलं पत्रही मिळालं. आमची अट सोपी आहे. रुमाल घरी आणून द्यायचा संकोच वाटत असेल तर तो पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात जमा करा. मंडळ १९१० पासून अशीच दप्तरं सांभाळत आलं आहे. तिथली पोच आम्हाला पाठवा, पोथीतल्या मुलींची नावं दुसऱ्या आवृत्तीत घाला, आणि आमच्या कारकुनाला पानिपतावरून परत बोलवा. देणगी त्यानंतर.

कळावे,
आपला कुलबंधू (कुलवृत्तान्तात नाव चुकीचं छापलं आहे)