चाळिशीत कॉलेज निवडताना : कर्जत-खालापूरकर नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

सर्वप्रथम आपली मूल्यं एका कागदावर लिहून काढावीत. कागद म्हणजे विजेच्या बिलाची मागची बाजू. नवी वही आणलीत तर घरात चौकशी सुरू होते. सचोटी, समता, स्वावलंबन असे तीन-चार शब्द सहज सुचतील. मग दुसरं बिल घेऊन त्यावर आपला आठवडा लिहावा : कंपनीतली फर्स्ट, सेकंड, थर्ड शिफ्ट, सासूबाईंचं औषध, धाकट्याची शिकवणी, जुलैत लावणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी. दोन्ही कागद शेजारी ठेवले की पहिल्यावरचं बरंच काही खोडावं लागतं. उरतील ती आपली मूल्यं.

पायरी दुसरी, माहितीपत्रक. हे जरूर आणावं, पण वाचू नये. त्यावर झाडाखाली हसत बसलेल्या मुलांमध्ये तुमच्या वयाचं कुणी सापडलं तर तो बहुधा माळी असतो. आतल्या पानावर संस्थेची उदात्त ध्येयं असतात. ती सगळ्याच संस्थांची सारखीच उदात्त असतात. त्याऐवजी नोटीस बोर्डावरचं वेळापत्रक पाहावं. कॉलेज कुणाला आपलं मानतं ते तिथे कळतं. फुल्यांनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी शाळा काढली ती रात्रीची. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं तेव्हा नोकरी करणाऱ्यांना जमावं म्हणून वर्ग सकाळी ठेवले. आणि आपल्याला लागून असलेल्या मुरबाड तालुक्यात, फांगणे गावी, ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली, ती भरते दुपारी, घरातली कामं उरकल्यावर. गणवेश गुलाबी लुगडं. साठीच्या पुढच्या बायका पाटीवर नाव गिरवायला बसतात आणि हजेरी कमी पडली म्हणून कुणी त्यांच्या नातवंडांना बोलावून घेत नाही. माझ्या मते शैक्षणिक ध्येयधोरण म्हणतात ते याला.

आपल्याकडे कर्जतला आणि खोपोलीला कॉलेजं आहेत, पण दिवसाच्या कॉलेजची वेळ हीच पहिल्या पाळीचीही वेळ. शिवाय ७५ टक्के हजेरीचा नियम. त्यावर आवारात कुणीतरी हळूच सांगेल, ‘हजेरीचं बघून घेऊ.’ तुमच्या बिलावर ‘सचोटी’ अजून न खोडलेली असेल, तर बघून घ्यायला किती लागतात ते विचारू नका. उत्तर मिळतं.

पायरी तिसरी : खिडकी जेवणासाठी बंद आहे.

पायरी चौथी, खिडकी. उघडल्यावर पहिला प्रश्न येईल, ‘मुलाचं ॲडमिशन का?’ शांतपणे ‘माझंच’ म्हणावं आणि पलीकडच्या चेहऱ्याकडे पाहावं. ‘आता या वयात कशाला, ताई?’ असं आलं तर धन्यवाद म्हणून निघावं. ‘बारावी कोणत्या साली?’ असं विचारून ज्या बाई फॉर्म पुढे सरकवतील, त्यांच्या कॉलेजला वाचनालय बरं नसलं तरी मी दोन गुण जास्त देईन. मूळ गुणपत्रिका ‘इथेच राहू द्या’ म्हणाले तर मात्र राहू देऊ नका. मूळ कागद तपासून लगेच परत करावेत, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच बजावलं आहे. चाळिशीत माणूस विश्वासावर बराच चालतो, पण मार्कशीट विश्वासावर ठेवू नये.

दहावी किंवा बारावीच राहून गेली असेल तर आधी बाहेरून परीक्षेला बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म. त्याला कॉलेजपेक्षा धीर निवडायचा असतो. त्यापुढे मुक्त शिक्षण. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून ‘ज्ञानगंगा घरोघरी’ म्हणत आहे. मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण त्याहून जुनं, १९७१ पासूनचं. लोक त्याला ‘आयडॉल’ म्हणतात. ‘बाहेरून’ केलेल्या पदवीला किंमत नाही, असं सांगणारा एक मेव्हणा प्रत्येक घरात असतो. मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरावी, हे आयोगाने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय. मेव्हण्याला सांगून उपयोग नाही, पण एचआरला सांगता येतं. मान्यता त्या वर्षाला आणि त्या अभ्यासक्रमाला आहे का, ते फी भरण्याआधी आयोगाच्या यादीत पाहावं.

इथे एक स्थानिक अडचण आहे. मुक्त विद्यापीठांची संपर्कसत्रं बहुधा शनिवार-रविवारी, आणि आपल्याकडे शनिवार-रविवार म्हणजेच धंदा. फार्महाऊसवर स्वयंपाक करणारी, नेरळ-माथेरानला टॅक्सी चालवणारा, हायवेच्या ढाब्यावर गल्ला सांभाळणारा, यांची सुट्टी मंगळवारी. अभ्यासकेंद्रावर जाऊन ‘मंगळवारी कुणी भेटेल का?’ एवढं विचारावं. ज्या केंद्राने या प्रश्नावर डोकं खाजवलं, हसलं नाही, ते केंद्र घ्यावं.

अंतराचं म्हणाल तर खोपोलीची लाइन एकेरी. लौजी, डोलवली, केळवली, पळसदरी करत कर्जतला यावं आणि पुढची लोकल समोरून सुटताना पाहावी. ‘आयडॉल’चं केंद्र मुंबईत कालिनाला असलं म्हणून रोज तिकडे धावायची गरज नाही. पुस्तकं घरी वाचता येतात, आणि कर्जतहून बसायला मिळालं तर गाडीतसुद्धा. ‘घरच्यांना वेळ देणं’ हे मूल्य लिहिलं असेल तर कल्याणच्या पलीकडचं काहीही आठवड्यातून एकदाच.

फॉर्म शेवटच्या तारखेला भरू नका, त्या दिवशी सर्व्हर बसलेला असतो. पासपोर्ट फोटो चार न्या. डिंकाची बाटली स्वतःची न्या.