रोडगे कोण भाजीन?

दिवाळीत भाचा अमरावतीला आला तो वीस बाजूंचा फासा खिशात घेऊनच. १९७४ साली अमेरिकेत निघालेल्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या कल्पनेतल्या खेळाच्या धर्तीवर मित्रांची मोहीम निघायची होती. ठिकाण आपलाच गाविलगड. पात्रं ठरली होती: दोन शापित राजपुत्र, भूतकाळ विसरलेली एक मांत्रिकीण आणि कुणाशीच न बोलणारा तिरंदाज. चौघंही अनाथ. खऱ्या आया तेव्हा आत चकल्या तळत होत्या.

"अन् रोडगे कोण भाजीन?" मी विचारलं.

"मामा, कल्पनेत भूक लागत नाही."

लागते बापू! १८०३ साली जड तोफा डोंगरांतून ओढून नेण्यातच इंग्रज फौजेचे कित्येक दिवस गेले, तेव्हा कुठे १५ डिसेंबरला हा गड पडला. नाव झालं सेनापती आर्थर वेलस्लीचं. ओढणाऱ्यांची नावं कोणाला ठाऊक?

म्हणून मी माझी यादी दिली. परतवाडा-चिखलदरा एस.टी.चा कंडक्टर, जो सुट्या पैशांवरून राक्षसालाही घाटात उतरवेल. गोवऱ्यांच्या आरावर रोडगे फिरवणारी अकोल्याची आत्या, जिच्या वांग्याच्या भाजीनं मेलेला उठून बसेल. आणि मेळघाटची प्रत्येक पायवाट ठाऊक असलेला कोरकू वाटाड्या.

"भारी आहेत," भाचा म्हणाला, "पण साइड रोलमध्ये ठेवू."

फासा पडला. एक! सगळे वीर पहिल्याच वळणावर वाट चुकले.

तेवढ्यात आतून हाक आली, "पोट्टेहो, जेवाले येता का?"

चौघांचे शाप एका हाकेत उतरले.