अलॉय चाके बसवण्याचे शास्त्र, नवशिक्यांसाठी

सर्वप्रथम बंगळूरच्या जे. सी. रोडवर जावे. टाउन हॉल ते मिनर्व्हा सर्कल एवढ्या टापूत गाडीचा कुठलाही अवयव मिळतो. गाडी लावायला जागा तेवढी मिळत नाही. तो अभ्यासक्रमाचाच भाग समजावा.

दुकानात गाडीचे नाव आणि आवडता रंग सांगावा. त्यानंतर ‘बसेल ना?’ एवढा एकच प्रश्न विचारायचा असतो, आणि त्याला ‘नाही’ असे उत्तर कधी आल्याचे ऐकिवात नाही. काही अडलेच तर ‘स्वल्प अड्जस्ट माडी’ (जरा जुळवून घ्या) हा मंत्र आहे. या शहरात बसमधली सीट, घराचे डिपॉझिट आणि रिक्षाचे भाडे त्यावरच निभावते. चाक बसवायच्या हबवरचे बोल्ट, म्हणजे स्टड, मात्र ना कन्नड ऐकतात, ना मराठी.

आता चाकाची भोके मापावीत. खरे तर मापू नयेत, नुसती मोजणी करावी: चार की पाच? चार असली की झाले, असे मानणारा मोठा संप्रदाय आहे. स्विफ्टला चार, जुन्या फियाट पुंटोलाही चार. पण समोरासमोरच्या भोकांमधले अंतर, ज्याला दुकानात पीसीडी म्हणतात, ते स्विफ्टचे 100 मिलिमीटर आणि पुंटोचे 98. डोळ्याला हा फरक दिसत नाही. चाक ढकलून चढते, तीन नट लागतात, चौथा तिरका धरतो. अशा वेळी पान्ह्याला पाइप लावून जोर लावावा, म्हणजे नटाची बैठक कुरतडली जाते, स्टड वाकतो आणि पुढे कधीतरी हायवेवर तुटतो. ज्यांना एवढी घाई नाही त्यांनी टेप घ्यावी. पाच भोके असतील तर समोरासमोर भोक सापडणार नाही. शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांमधले अंतर 0.588 ने भागावे. पोलोचे उत्तर 100 येईल, क्रेटाचे 114.3.

नटही पाहावेत. शंकूच्या आकाराची बैठक आणि गोलसर बैठक या दोन वेगळ्या जाती आहेत. होंडाच्या कंपनीच्या चाकांना गोलसर नट लागतात, बाजारातल्या बहुतेक अलॉयना शंकूचे. अदलाबदल केली तर नट घट्ट लागल्यासारखा वाटतो. फक्त वाटतो. म्हणून जुने नट फेकू नयेत; डिकीतली स्टेपनी अजून जुन्याच वळणाची असते.

मधले मोठे भोक दुर्लक्षिण्यात खरी मजा आहे. स्विफ्टचा हब 54.1 मिलिमीटरचा. सगळ्या गाड्यांना चालावीत म्हणून बाजारातल्या कित्येक चाकांना 73.1 चे भोक ठेवलेले असते. मधल्या पोकळीत प्लास्टिकची किंवा अ‍ॅल्युमिनियमची रिंग घालायची असते. ती मागू नये. सिल्क बोर्डच्या सिग्नलला गाडीचा वेग असा असतो की चाक चौकोनी असले तरी कळणार नाही. पुण्याला निघाल्यावर, नेलमंगल मागे पडून काटा ऐंशीपुढे गेला की स्टीअरिंग हातात थरथरू लागते. मग सगळे बॅलन्सिंगवाल्याला शिव्या घालतात.

ऑफसेटचा आकडा चाकावर ईटी म्हणून कोरलेला असतो. ईटी 45 च्या जागी 30 घेतले तर चाक 15 मिलिमीटर बाहेर येते. गाडी रुबाबदार दिसते, बेअरिंगवर ताण येतो आणि मडगार्ड टायर खरवडते. रिकाम्या गाडीत हे कळत नाही. मागे सासरची तीन वजनदार माणसे बसवून, स्टीअरिंग पूर्ण वळवून गतिरोधकावरून जावे; ही चाचणी कुठल्याही यंत्रापेक्षा खरी. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 कंपनीच्या मूळ तपशिलाबाहेरच्या बदलांना आडवे येते, जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. पण त्याआधी सासरचे काय म्हणतात ते ऐकावे.

चाक मोठे केले की टायरची भिंत बारीक करावी लागते. 185/65 आर 15 चा एकूण व्यास सुमारे 621 मिलिमीटर भरतो, 195/55 आर 16 चाही तेवढाच. म्हणजे स्पीडोमीटर खोटे बोलणार नाही. पण भिंत 120 वरून 107 वर आली. बंगळूरच्या खड्ड्यांशी लढायला ते 13 मिलिमीटर रबर हवे होते. पोलादी रिम खड्ड्यात वाकते आणि ठोकून सरळ करता येते, अलॉयला तडा जातो. माझे स्पष्ट मत: या शहरात मूळ मापाचेच चाक घ्यावे.

नट क्रॉस करून, टॉर्क रेंचने, गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याला आवळावेत. पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. पुण्याच्या वाटेवर तुमकुरू त्याच बेतात येते. त्याच्या अलीकडे क्यातसंद्रला तट्टे इडली खायला थांबालच, चाके गार होईपर्यंत खा आणि मग पान्हा काढा.