वारेमाप शांतता

एजियन समुद्रातील कार्पाथोस बेटाचे वर्णन करताना ‘शांत’ आणि ‘पारंपरिक’ ही दोन विशेषणे जोडीने वापरण्याचा प्रघात असला, तरी विंडसर्फिंगचा, म्हणजे शीड लावलेल्या फळीवर उभे राहून वाऱ्याच्या जोरावर पाणी कापत जाण्याच्या खेळाचा, शौकीन तेथे जातो तो मेल्टेमीसाठी. बाल्कन प्रदेशावरील जास्त दाब आणि तुर्कस्तानावरील कमी दाब यांच्या ओढाताणीतून उन्हाळ्यात वाहणारा हा कोरडा उत्तरी वारा जुलै-ऑगस्टमध्ये असा घोंघावतो की शेजाऱ्याचे बोलणेही ऐकू येऊ नये, आणि बहुधा यालाच शांतता म्हणत असावेत. या मंडळींचा मुक्काम दक्षिणेकडील आफियार्टिसच्या उपसागराकाठी, विमानतळाजवळच असतो, हेही त्या शांततेला साजेसेच. परंपरा मात्र उत्तरेला, डोंगरावरच्या ओलिम्पोस गावात राहते; तेथील काही वयस्क स्त्रिया अद्याप जुना वेश करतात आणि एके काळी वाऱ्यावर धान्य दळणाऱ्या पवनचक्क्या कड्यावर उभ्या आहेत. तिचे दर्शन घ्यायचे ते वारा पडेल त्या दिवशी, आणि तेव्हा पाहुण्यांच्या चेहऱ्यावर जो शोक पसरलेला असतो, तो ग्रामस्थ भाविकपणा समजून गोड मानून घेत असल्यास नवल नाही.